क्षणात तोळा, क्षणात मासा

शीळफाट्याला राहणाऱ्या माणसाला वजनाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मुंब्र्याचा, कल्याणचा, महापेचा आणि पनवेलचा असे रस्ते इथे एकमेकांत घुसतात आणि कंटेनर, ट्रेलर, डंपर यांची रांग रात्रीसुद्धा तुटत नाही. एवढा माल जातो-येतो म्हटल्यावर तो तोलायला काटे आलेच. ट्रक तोलायच्या काट्याला आपल्याकडे धर्मकाटा म्हणतात. नाव मला फार आवडतं. काट्याने खोटं बोलू नये, ही अपेक्षा त्या नावातच आहे.

आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, माझा जुना विद्यार्थी, अशाच एका काट्यावर पावत्या फाडतो. एकदा जिन्यात भेटला तेव्हा मी सहज विचारलं, "काय रे, दिवसभर काय काम असतं?" म्हणाला, "टीचर, गाडी दोनदा तोलायची. एकदा भरलेली, एकदा रिकामी. मधला फरक तो माल. नुसती भरलेली गाडी तोलून मालाचा हिशेब सांगणारा माणूस येडा." मग त्याला रंग चढला. म्हणाला, रिकामी गाडीसुद्धा रोज एका वजनाची नसते. टाकीत डिझेल किती, पावसाने ताडपत्री भिजली आहे का, चाकांना चिखल किती, क्लीनर खाली उतरला की केबिनमध्येच झोपला आहे, सगळ्याने आकडा हलतो.

मी मान डोलावून वर आले. त्या दिवसांत तोच येडेपणा मी घरात रोज करत होते, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

झालं असं. चाळिशी ओलांडली आणि गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. एचबीएवनसी ६.२ आलं. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभा आहे. वजन ७८ किलोच्या वर, उंची पाच फूट. "वजन कमी करा," डॉक्टर म्हणाले. किती, कसं, किती दिवसांत, हे विचारायला रांगेत मागे बायका उभ्या होत्या, त्यामुळे राहून गेलं. घरी येताना मी काचेचा डिजिटल वजनकाटा घेऊन आले. इंग्रजीत याला बाथरूम स्केल म्हणतात. आपल्या बाथरूममध्ये बादली, टमरेल आणि निसरडी फरशी यांतून जागा उरली तर ना. आमचा काटा बेडरूममध्ये कपाटाजवळ आला आणि बघता बघता घरातला सगळ्यात मोठा माणूस झाला.

सकाळी फजरनंतर एकदा. शौचाला जाऊन आल्यावर पुन्हा एकदा, कारण शे-दोनशे ग्रॅम कमी दिसायचे. शाळेतून आल्यावर. रात्री झोपताना. कधी बांगड्या काढून, कधी ओढणी बाजूला ठेवून. मिस्टर म्हणायचे, "चष्मा राहिला." मी हसायचे, पण एकदा चष्मा काढून खरोखर पाहिलं आणि मग आकडाच दिसेना.

हे विनोदाने सांगते आहे, तेव्हा ते विनोदी नव्हतं. आकडा खाली गेला की दिवस चांगला. वर गेला की भाजीत मीठ जास्त, वर्गात आवाज जास्त. एका नात्यातल्या वलीम्याहून आलो. दुसऱ्या दिवशी काट्यावर १ किलो ४०० ग्रॅम जास्त. त्या दिवशी आठवीच्या वर्गात एका मुलीची वही मी उगाच फेकली. काना-मात्रेच्या चुका होत्या, रोज असतात. फेकण्यासारखं त्यात काही नव्हतं. वही उचलताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती अजून आठवते. बिचारीला काय माहीत की हा राग बिर्याणीचा आहे.

आता त्या १ किलो ४०० ग्रॅमचा हिशेब करू. मी भाषेची शिक्षिका, पण एवढं गणित येतं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने ७७०० कॅलरी. १४०० ग्रॅम चरबी एका रात्रीत चढवायची तर रोजच्या गरजेपेक्षा जवळपास १०,८०० कॅलरी जास्त खायला हव्यात. भरलेली एक प्लेट सातशे कॅलरीची धरली तर पंधरा प्लेटी, आणि त्याही नेहमीचं जेवण करून वर. मी दीड प्लेट खाल्ली होती. गोड धरून दोन म्हणा. मग बाकीचं वजन कुठून आलं? पाण्यातून. दावतीच्या जेवणात मीठ भरपूर असतं आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. भाताचं, नानचं पिष्ट शरीर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. शिवाय रात्री उशिराचं जेवण सकाळी पोटातच असतं. त्यालाही वजन आहे. तीन-चार दिवसांत हे सगळं आपोआप उतरतं. बायकांचं तर महिन्याचं चक्र आहे. पाळीच्या आधीचे काही दिवस अंगात पाणी धरलं जातं आणि काटा किलोभर वर दाखवतो. तो त्या वेळच्या शरीराचं वजन बरोबर दाखवतो. त्या आकड्याचा अर्थ "मी बिघडले" असा लावणारी मी.

याची दुसरी बाजूही तितकीच फसवी आहे. भात-पोळी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात. माणूस हरखतो, व्हॉट्सॲपवर टाकतो. उतरलेलं बहुतेक ते ग्लायकोजेन आणि त्याला धरून बसलेलं पाणी. चरबीला अजून कोणी हातही लावलेला नाही. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो आणि माणूस म्हणतो, "डाएट काम करत नाही." खरं काम तेव्हाच सुरू झालेलं असतं.

आपल्या भाषांना हे आधीच माहीत होतं असं मला वाटतं. बारा मासे म्हणजे एक तोळा. नाजूक तब्येतीला मराठीत तोळामासा प्रकृती म्हणतात, आणि उर्दूत ज्याचा मूड सारखा पालटतो तो क्षणात तोळा, क्षणात माशा. काट्यापुढे उभी असताना मी दोन्ही होते. वजन या शब्दाचाच किती पसारा आहे बघा. उर्दूत शेर वजनात असावा लागतो, म्हणजे वृत्तात. वजनातून पडला तर उस्ताद नाक मुरडतात. मराठीत माणसाचं गावात वजन असतं, वजनदार नेते असतात, आणि सरकारी कचेरीत फाईल वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर वजन ठेवावं लागतं. या सगळ्यांत वजन असणं चांगलं. ते बाईच्या अंगावर चढलं की तेवढं वाईट होतं.

नेहमीच असं नव्हतं. मी लहान असताना रेल्वे स्टेशनवर वजनाची उभी मशिनं असायची. रंगीत दिवे, फिरणारी चकती. नाणं टाकलं की खडखड करून जाड कागदाचं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला कधी भविष्य, कधी सिनेनटाचा फोटो. अब्बा ठाणे स्टेशनवर मला त्यावर उभं करायचे आणि तिकीट वाचून अम्मीला सांगायचे, "माशाअल्लाह, दोन किलो वाढली." अम्मीच्या चेहऱ्यावर ईद. वाढलेलं वजन म्हणजे घरात बरकत आहे, मूल आजारी नाही. ती तिकिटं मी उर्दूच्या कायद्यात खूण म्हणून ठेवायचे. त्याच मुलीला पंचवीस वर्षांनी फुफी लग्नघरात सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, किती सुटलीस!" फुफीच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे सलामानंतरचं दुसरं वाक्य बहुतेक वजनाचंच असतं. सुटलीस, नाहीतर वाळलीस.

रमजानबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण आपल्या घरांत वजनाचा सगळ्यात मोठा गैरसमज त्याच महिन्यात होतो. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं. डॉ. श्रीकांत जिचकारांकडून ही कल्पना घेतली असं ते स्वतः सांगतात. राज्य सरकारच्या स्थूलत्वविरोधी मोहिमेचा चेहराही ते झाले. त्यावर अनेक आहारतज्ज्ञांनी आक्षेप घेतले, तो वाद मी इथे काढत नाही. शाळेतल्या एक सहकारी मला म्हणाल्या, "तुमचं बरं आहे, रमजान म्हणजे महिनाभर दीक्षित डाएट. सहेरी आणि इफ्तार, झाली दोन जेवणं." मी म्हटलं, "बाई, आमचा इफ्तार मगरिबला सुरू होतो आणि तरावीहनंतरही चालू असतो. पंचावन्न मिनिटांत तर आमची भजी तळून होतात." अनेक देशांतले रमजानच्या वजनाचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत. महिन्याच्या शेवटी सरासरी साधारण किलोभर घट दिसते आणि ईदनंतरच्या काही आठवड्यांत ती बहुतेक भरून येते. म्हणजे रोजा काही वजन उतरवायचं यंत्र नाही, आणि तो त्यासाठी आहे असं आपल्या दीनमध्येही कोणी सांगितलेलं नाही. दीक्षितांच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र मला पटते. ते आधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्यायला सांगतात. नुसत्या काट्यावर ते थांबत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

माझी लेक तेव्हा नववीत होती. त्या रमजानमध्ये तिने एकही रोजा सोडला नाही. आम्ही खूश. अम्मी तर फोनवर सगळ्यांना सांगायची. सहेरीला ती उठायची, पण "भूक नाही" म्हणून पाणी पिऊन पुन्हा झोपायची. इफ्तारला दोन खजूर, थोडं कलिंगड. मला वाटलं उन्हाळा आहे, जेवण जात नसेल. विसाव्या-एकविसाव्या रोजाला दुपारी ती मोरीपाशी चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी तिच्या कपाटात चादर शोधताना वहीचं एक पान सापडलं. स्केलपट्टीने आखलेले रकाने. तारीख, सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येक रकान्यात किलो आणि ग्रॅम. आकडा वाढलेला असेल तिथे लाल पेनने गोल.

ते रकाने माझे होते. लाल गोलसुद्धा माझाच. मी फ्रिजवर लावलेल्या कागदावर असेच गोल करत असे.

तिचं वजन तिच्या उंचीला अगदी योग्य होतं, डॉक्टरांनी नंतर तसं सांगितलंही. तिला कोणी जाडी म्हटलं नव्हतं. तिने फक्त रोज पाहिलं होतं की अम्मी काचेवर उभी राहते, खाली बघते आणि मग घरातली हवा ठरते. मूल सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त शिकतं, हे बीएडला आम्ही पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. रोजा धरताना तिची नियत काय होती हे ती जाणे आणि अल्लाह जाणे. मी एकदाच विचारलं. ती गप्प बसली. मी परत विचारलं नाही. उरलेले रोजे तिने सोडावेत असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा अम्मीला काय सांगायचं या चिंतेने मी दोन रात्री झोपले नाही, हेही कबूल करते. शेवटी खरं सांगितलं. अम्मी म्हणाली, "पोरगी आहे ना? मग रोजे नंतर पूर्ण करेल." माझ्यापेक्षा ती शहाणी निघाली.

त्यानंतर मी वाचायला लागले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचा 'प्रोजेक्ट ईट' नावाचा अभ्यास आहे, त्यात हजारो किशोरवयीन मुलामुलींना वर्षानुवर्षं प्रश्न विचारले गेले. ज्या मुली वारंवार वजन करतात त्यांच्यात जेवण टाळणं, उपाशी राहणं असले प्रकार जास्त दिसले. वजन ताब्यात राहण्यात मात्र त्यांना काही फायदा झाल्याचं दिसलं नाही. दुसरीकडे, अमेरिकेतच १९९४ पासून एक नोंदवही चालते. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून वर्षभर तरी न वाढू दिलेल्या मोठ्या माणसांची. त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. म्हणजे काटा फेकून द्या, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझी एक मैत्रीण म्हणते, "काटा नाही तर दुःख नाही." तसं साखरेची तपासणी केली नाही तर मधुमेहही नाही. प्रौढ बाईला, जिच्या गुडघ्याचा आणि साखरेचा प्रश्न आहे, काट्याचा उपयोग होतो. वाढत्या वयाच्या पोरीला घरातल्या काट्याचं काहीच काम नाही. दोन वेगळ्या माणसांसाठी दोन वेगळी उत्तरं आहेत. माझी चूक अशी की एकच काटा दोघींसाठी उघड्यावर पडला होता.

आणि आकड्याला किती किंमत द्यायची, याचं उत्तर आपल्याच पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मधुमेहाचे डॉक्टर. दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा नेमका सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याच्या भाषेत दोघे जुळे. प्रत्यक्षात एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही पाहिली. सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या बाळांच्या साडेतीन किलोपुढे किती हलकी. पण स्नायू आणि इतर अवयव जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली आणली गेली. जगात २५ च्या पुढे वजन जास्त मानतात, आपल्याकडे डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. आणि पोटाचा घेर बघतात. बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचा ९० च्या आत.

हा बीएमआय तरी कुठून आला? केतेले नावाच्या बेल्जियमच्या गणितज्ञाने १८३०च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना उंची-वजनाचं ते गणित मांडलं. त्याच्यासमोर युरोपातली माणसं होती, आणि एका माणसाची तब्येत तपासणं हा त्याचा हेतूच नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ चं. शीळफाट्यातल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईने त्याच्यापुढे किती झुकायचं, हे तिने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

मी काय ठरवलं ते सांगते, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. काटा आता दिवाणाच्या पेटीत असतो, गोधड्यांच्या खाली. जुम्माच्या सकाळी निघतो. फरशीवर ठेवायचा, चटईवर किंवा गालिच्यावर नाही, मऊ जागेवर आकडा चुकतो. चहाच्या आधी, शौचाला जाऊन आल्यावर, एकदाच. आकडा माझ्या मोबाईलमध्ये जातो, फ्रिजवर नाही. चार शुक्रवारची सरासरी काढते आणि मागच्या चार शुक्रवारांशी लावून बघते. एका शुक्रवाराला मी उत्तर देत नाही. महिन्यातून एकदा शिंप्याची टेप घेऊन घेर मोजते. आणि तीन-चार महिन्यांनी रक्त.

पाच महिन्यांत वजन ७८ वरून ७२ झालं. नंतरचे तीन महिने ते ७२ लाच अडकून बसलं. पूर्वीची मी असते तर वेडी झाले असते. पण त्याच तीन महिन्यांत घेर चार सेंटिमीटरने कमी झाला आणि एचबीएवनसी ५.८ वर आलं. गच्चीवर रोज चालत होते (शीळफाट्याच्या रस्त्यावर फिरायला जाणं म्हणजे डंपरशी पंजा लढवणं, म्हणून गच्ची), पाण्याच्या दोन बाटल्या उचलून व्यायाम करत होते. चरबी उतरत होती, स्नायू थोडे भरत होते आणि काट्याला दोन्ही सारखेच. धर्मकाट्यावरच्या पोराचं म्हणणं मला तेव्हा कळलं. माझी रिकामी गाडी तोलायची सोय नाही. मग माल किती उतरला ते दुसऱ्या खुणांनी ओळखावं लागतं. जिना चढताना, सजद्यातून उठताना, सलवारीच्या नाड्यावर.

एक गोष्ट राहिली आणि ती जास्त लाजेची आहे. दरवर्षी शाळेत मुलांची उंची-वजनं घेऊन प्रगतिपुस्तकात भरावी लागतात. हे काम चांगलंच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकंही शाळांत येतात. अंगणवाडीत तर मुलाचं वजन वाढत नाही या काळजीने दर महिन्याला काटा लागतो, आणि आमच्याकडे आठवीत अठ्ठावीस किलोची मुलगी असते तेव्हा तो आकडा कोणाच्या तरी नजरेला पडलाच पाहिजे. पण तो नजरेला कसा पाडायचा? मी वीस वर्षं काय करत आले? काटा फळ्याखाली. मुली रांगेत. मी वाकून वाचायचे आणि मोठ्याने पुकारायचे, मॉनिटर रजिस्टरमध्ये लिहायची. "बावन्न!" मागून खुसफुस. "अठ्ठावीस!" मागून कोणीतरी, "सुकट." मी "चूप बैठो" म्हणायचे आणि पुढचा आकडा पुकारायचे. दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, त्याची तपासणी होते. माप-तोलात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक सूरह आहे. पण पोरीचं वजन भर वर्गात पुकारणाऱ्या शिक्षिकेला कोणी तपासत नाही. त्या रांगेतल्या किती जणींनी घरी जाऊन रकाने आखले असतील, मला माहीत नाही. एका मुलीने मात्र त्यानंतर महिनाभर मधल्या सुट्टीत डबा उघडला नव्हता आणि मी तिच्या आईला "पोट बिघडलंय का बघा" असं कळवलं होतं.

यंदा काटा वर्गात आणलाच नाही. ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाआड ठेवला. एकेक मुलगी आत, दार लोटलेलं, रजिस्टर माझ्याच हातात. छप्पन्न मुलींना दोन तास जास्त लागले आणि मुख्याध्यापकांनी विचारलं की एवढा वेळ कशाला. सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी मुलग्यांचंही असंच करा, त्यांनाही चिडवतातच. हे मला सुचलं नव्हतं.

ज्यांना आपलं वजन जाणून घ्यायचं असेल त्यांना चिठ्ठीवर लिहून देते, असं मी सांगितलं होतं. बऱ्याच जणींनी नको म्हटलं. शेवटून तिसऱ्या मुलीने विचारलं, "टीचर, मेरा कितना हुआ?" मी लिहून दिलं. तिने वाचलं, चिठ्ठीची चार घडीची घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली. जाताना दारात थांबून म्हणाली, "और हाइट?" ती लिहायला मी विसरले होते. परत बोलावून लिहून दिली.